ओठ आणि आवाज जुळत नाहीत? आवाज सरकवण्याआधी तीन ठिकाणी फरक मोजा

“सुरुवातीला बरोबर वाटतंय गं, पण पुढे पुढे आवाज मागून येतोय.” ऑनलाइन माहितीपटांचं एडिटिंग करणाऱ्या प्रत्येकाला हा फोन कधी ना कधी येतो, आणि बहुतेकदा अपलोडच्या आदल्या रात्री येतो. मग आपण जिथे चूक दिसली तिथे ब्लेड मारतो, म्हणजे क्लिप कापतो, आवाज दोन फ्रेम ओढतो, ते वाक्य जुळतं. पाच मिनिटांनी पुढचं वाक्य सुटतं. तिथे पुन्हा ब्लेड. पहाटेपर्यंत टाइमलाइनची चाळण होते आणि मुळात काय बिघडलं होतं ते कळतच नाही. म्हणून पुढच्या प्रोजेक्टला तेच दुखणं परत.

मी गोरेगावला घरूनच काम करते. बहुतेक कामं तीस ते पन्नास मिनिटांच्या माहितीपटांची असतात आणि त्यांचा कणा म्हणजे लांब मुलाखती. जाहिरात किंवा गाण्याच्या कामात एक शॉट काही सेकंदांचा असतो, तिथे आवाज सरकायला वेळच मिळत नाही. माहितीपटात कॅमेरा चाळीस-पन्नास मिनिटं सलग चालतो, आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर, दुसरा अँगल कुणाच्या तरी फोनवर. तीन यंत्रं, तीन घड्याळं. शिवाय एडिटमध्ये त्या मुलाखतीचे तुकडे होतात आणि त्यांवर गल्लीचे, हातांचे, जुन्या फोटोंचे शॉट बसतात. त्याखाली चूक झाकली जाते. चेहरा परत पडद्यावर आला की प्रेक्षकाला काहीतरी खटकतं, पण काय ते सांगता येत नाही. “डब केल्यासारखं वाटतंय” अशी तक्रार आली तर ती आवडीनिवडीची समजून सोडून देऊ नका. दहापैकी नऊ वेळा सिंक, म्हणजे ओठ आणि आवाजाचा मेळ, गेलेलं असतं.

माझं सांगणं एकच आहे: फरक किती आहे आणि तो कसा वाढतो, हे आधी मोजा. ते आकडेच कारण सांगतात, आणि प्रत्येक कारणाचा इलाज वेगळा आहे. एकाचा इलाज दुसऱ्याला लावला की काम वाढतं.

मोजायचं कसं

शूटला क्लॅप, म्हणजे कॅमेऱ्यासमोर टाळी, मारलेला असेल तर सुरुवात सोपी. पण मधे आणि शेवटी क्लॅप नसतो. तिथे आपली बाराखडी कामाला येते. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटावेच लागतात. त्यातही ‘प’ आणि ‘ब’ सगळ्यात चांगले, कारण ओठ मिटलेले असताना आवाज दाबलेला असतो आणि ओठ उघडल्याबरोबर वेव्हफॉर्मवर, म्हणजे आवाजाच्या आलेखावर, टोकदार उसळी दिसते. ‘म’ तेवढा उपयोगाचा नाही, ओठ मिटलेले असतानाही तो घुमत राहतो.

गेल्या पावसाळ्यात लालबागच्या एका चाळीतली मुलाखत माझ्याकडे होती. आजोबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते, १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तिथेच कामाला. बोलण्यात पाळी, पगार, बदली, बोनस हे शब्द सतत येत होते, आणि प्रत्येक शब्द माझ्यासाठी एक तयार खूण होती. ‘पगार’ म्हणताना ओठ सुटतात ती फ्रेम थांबवायची. खाली वेव्हफॉर्मवर उसळी कुठे आहे ते बघायचं. मधे किती फ्रेम आहेत ते मोजायचं. २५ एफपीएसला, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असताना, एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद.

असं कमीत कमी तीन ठिकाणी करा: सुरुवातीला, बरोबर मध्यावर आणि शेवटी. वेळ, फरक आणि आवाज पुढे आहे की मागे, एवढं वहीत लिहा. दहा मिनिटांचं काम आहे. ‘मध्यावर’ हा शब्द विसरू नका. तो का महत्त्वाचा ते मी त्याच मुलाखतीत शिकले, त्याकडे पुढे येतेच.

किती फरक चालतो? युरोपच्या प्रसारण संघाची आर ३७ ही शिफारस सांगते की आवाज चित्राच्या पुढे असेल तर ४० मिलिसेकंदांपर्यंत आणि मागे असेल तर ६० मिलिसेकंदांपर्यंत चालवून घ्यावा. म्हणजे पुढे एक फ्रेम, मागे दीड. मागे पडलेला आवाज आपण जास्त सहन करतो, कारण रोजच्या जगण्यात तो उशिरानेच येतो: मैदानाच्या दुसऱ्या टोकाला बॅट बॉलला लागलेली आधी दिसते, मग ऐकू येते. आवाज आधी आणि ओठ नंतर, हे मात्र निसर्गात कधी घडत नाही, म्हणून तिथे कान लगेच टवकारतो.

फरक सगळीकडे सारखाच असेल तर

सुरुवातीला पाच फ्रेम, मधे पाच, शेवटी पाच. ही सगळ्यात सोपी अवस्था. पूर्ण आवाज एकदाच सरकवा, संपलं. पण सरकवण्याआधी वायर असलेला हेडफोन लावून एकदा बघा. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज दीड-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचणं अगदी सामान्य आहे. मोबाइलवरची व्हिडिओ ॲप बहुतेकदा तेवढं चित्र थांबवून ते सांभाळून घेतात, एडिटिंग सॉफ्टवेअरवर तो भरवसा ठेवू नका. दिग्दर्शक लोकलमध्ये उभ्याउभ्या ब्लूटूथवर रफ कट बघून तक्रार करत असेल, तर आधी तेवढं विचारून घ्या. मी एकदा पूर्ण फिल्म चार फ्रेम सरकवून दिली होती. चूक फिल्ममध्ये नव्हतीच.

प्रिव्ह्यू अडखळत असेल तरीही असाच भास होतो. लॅपटॉपला फोरके फुटेज झेपत नसलं की चित्र मागे राहतं. शंका आली तर तेवढं एक मिनिट एक्स्पोर्ट करून साध्या प्लेअरमध्ये बघा.

फरक एकसारख्या गतीने वाढत असेल तर

सुरुवातीला शून्य, मधे अर्धा, शेवटी पूर्ण. इथे भागाकार करा, तासाला किती फरक पडतो ते काढा.

तासाला साधारण ३.६ सेकंद, म्हणजे चाळीस मिनिटांच्या मुलाखतीत २.४ सेकंद आले, तर कुठेतरी ३० आणि २९.९७ यांची गल्लत आहे. २९.९७ हा आकडा म्हणजे ३०,००० भागिले १,००१. १९५३ मध्ये अमेरिकेत रंगीत टीव्हीची पद्धत ठरली तेव्हा वेग एक सहस्रांशाने कमी केला, आणि तो फरक आजही आपल्या गळ्यात आहे. २४ आणि २३.९७६ चंही तेच. बहुतेक वेळा कुणीतरी क्लिपच्या प्रॉपर्टीत जाऊन फ्रेमरेट हाताने बदललेला असतो, प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ‘इंटरप्रिट फुटेज’ किंवा रिझॉल्व्हमध्ये ‘क्लिप ॲट्रिब्यूट्स’. तिथे मूळ आकडा परत टाका, फरक नाहीसा होतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘२५ च्या टाइमलाइनवर ३० ची क्लिप टाकली म्हणून सिंक गेलं’ असं सर्रास म्हटलं जातं. तसं होत नाही. सॉफ्टवेअर क्लिप घड्याळाच्या वेळेनुसार बसवतं, लागतील तेवढ्या फ्रेम गाळतं किंवा दुबार दाखवतं. त्याने हालचाल किंचित अडखळते, पण आवाज सरकत नाही. आवाज सरकतो तो क्लिपच्या वेगाबद्दल सॉफ्टवेअरला चुकीचं सांगितलं तर.

दहा मिनिटांत पंचवीस सेकंद असा मोठा फरक दिसला तर २४ आणि २५ ची गल्लत. हा जुन्या फुटेजमध्ये हमखास भेटतो. फिल्म २४ च्या वेगाने चित्रित व्हायची. आपल्याकडे टीव्ही पाल पद्धतीचा, २५ फ्रेमचा. टीव्हीसाठी किंवा व्हीएचएससाठी ती फिल्म २५ ने पळवली जायची, त्यामुळे लांबी सुमारे ४ टक्के कमी व्हायची आणि आवाज थोडा चढायचा. त्याच भाषणाची वेगळी ऑडिओ कॅसेट मिळाली आणि ती त्या चित्राशी जुळवायला गेलात की हा फरक समोर येतो. अशा वेळी व्हिडिओ ९६ टक्के वेगावर आणा, म्हणजे माणसाचा आवाजही त्याच्या मूळ पट्टीत येतो. हयात नसलेल्या माणसाचा आवाज पडद्यावर आणताना एवढं आपण त्याचं देणं लागतो असं मला वाटतं.

आवाजाची पट्टीच बदललेली ऐकू येत असेल, माणूस घोगरा आणि संथ वाटत असेल, तर आवाज नोंदवण्याच्या दरात ४८,००० आणि ४४,१०० हर्ट्झचा घोळ आहे. फरक जवळजवळ ९ टक्क्यांचा, कानाला लगेच कळतो. फाइल ज्या दराने रेकॉर्ड झाली तो दर मीडियाइन्फो या फाइलची माहिती दाखवणाऱ्या ॲपमध्ये बघा आणि तिला ४८,००० मध्ये नीट कन्व्हर्ट करून घ्या. नुसतं लेबल बदलून भागत नाही.

आणि फरक अगदी बारीक असेल, तासाला एक ते चार फ्रेम, तर चूक कुणाचीच नाही. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हींमध्ये क्वार्ट्झचा स्फटिक वेळ मोजतो आणि कुठलेच दोन स्फटिक तंतोतंत सारखे नसतात. दशलक्षात एक भाग चुकला की तासाला ३.६ मिलिसेकंद जातात. साध्या यंत्रांत दशलक्षात वीस-तीस भाग चुकणं नेहमीचं आहे, आणि एक पुढे, एक मागे असेल तर दोन्ही चुकांची बेरीज होते. आजोबांच्या मुलाखतीत मुख्य कॅमेरा आणि रेकॉर्डर यांच्यात ४८ मिनिटांनंतर दोन फ्रेमचा फरक होता. ८० मिलिसेकंद भागिले २,८८० सेकंद, म्हणजे दशलक्षात २८ भाग.

सगळ्या यंत्रांना एकच वेळ देणारा टाइमकोडचा डबा लावला की हे होत नाही, हाही एक समज आहे. साधा टाइमकोड फाइल कुठून सुरू झाली एवढंच सांगतो. सुरू झाल्यावर प्रत्येक यंत्र आपापल्या घड्याळाने धावतं.

याला दोन इलाज आहेत. कॅमेऱ्याने मुलाखत तीन-चार क्लिपांत मोडली असेल, तर प्रत्येक क्लिप वेगळी सिंक करा. बरेच कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांना थांबायचे, त्याचा आपल्याला फायदाच झाला, दर क्लिपला फरक पुन्हा शून्यापासून सुरू होतो. एकच लांब क्लिप असेल तर आवाजाची लांबी जुळवा. प्रीमिअरच्या स्पीडच्या चौकटीत दशांशानंतर दोनच आकडे बसतात, १०० आणि १००.०१ च्या मधलं काही मिळत नाही, आणि आपल्याला पाहिजे ते नेमकं तिथेच आहे. मी रीपर या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाच्या आयटमचा प्लेबॅक रेट १.००००२८ करते आणि नवी वेव्ह फाइल काढते. आवाज मागे पडत असेल तर एकच्या वर, पुढे जात असेल तर एकच्या खाली. एवढ्या बदलाने पट्टी बदललेली कुठल्याही कानाला कळणार नाही. हे झंझट नको असेल तर माणूस श्वास घेतो, पाणी पितो, अशा शांत जागी आवाज कापून एकेक फ्रेम सरकवा. पण हे मुलाखतीचे तुकडे व्हायच्या आधी करा.

फरक पायऱ्यांनी वाढत असेल तर

अठरा मिनिटं सगळं जुळलेलं, एकोणिसाव्याला अचानक चार फ्रेम, मग तेवढाच कायम, पुढे परत उडी. ही जोडांची खूण आहे. एफएटी३२ पद्धतीच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणून कॅमेरा चालू रेकॉर्डिंगचे तुकडे पाडतो. विशेषतः एव्हीसीएचडी या फॉरमॅटच्या फुटेजमध्ये कार्डावरून नुसत्या व्हिडिओ फाइली ओढून घेतल्या तर त्या तुकड्यांच्या सांध्यावर आवाजाचा इवलासा भाग गळतो. कार्डाचं पूर्ण फोल्डर, आतल्या अगम्य नावांच्या फाइलींसकट, जसंच्या तसं कॉपी केलेलं असेल तर सॉफ्टवेअर ते तुकडे नीट जोडतं. म्हणून कॉपी करणाऱ्याला बजावून ठेवा: काहीही निवडायचं नाही, काहीही गाळायचं नाही, नाव बदलायचं नाही.

उडी सांध्यावर नसून भलत्याच जागी असेल तर कार्ड मंद होतं आणि फ्रेम सुटल्या. तिथे उडीच्या जागेवर कापून पुढचा भाग सरकवणं एवढंच हातात आहे, आणि ते कार्ड पुन्हा वापरू नका.

मधेच फुगवटा असेल तर

आता ती लालबागची गोष्ट. दुसरा अँगल फोनवरचा होता, दाराजवळून, खोलीतली ट्रंक आणि भिंतीवरचा गिरणीतला ग्रुप फोटो दिसेल असा. मी सुरुवात मोजली, जुळत होती. शेवट मोजला, जुळत होता. मान्य करून पुढे गेले, त्रेचाळीस ठिकाणी तो अँगल वापरला, कट दिग्दर्शक ताईंना पाठवला. दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन: “मधे कुठेतरी आजोबांचे ओठ हलायच्या आधीच शब्द ऐकू येतोय.”

दर पाच-सहा मिनिटांनी मोजलं तेव्हा वहीत हे आकडे उतरले: ०, २, ५, ७, ९, ७, ५, २, ०. मध्यावर नऊ फ्रेम, म्हणजे ३६० मिलिसेकंद, आवाज पुढे. दोन्ही टोकांना सगळं आलबेल.

मीडियाइन्फोमध्ये फाइल उघडली. ‘फ्रेमरेट मोड’च्या पुढे ‘व्हेरिएबल’. फोनचा कॅमेरा ठरलेल्या वेगाने फ्रेम काढत नाही. प्रकाश कमी झाला की एकेका फ्रेमला जास्त वेळ उघडा राहतो, म्हणजे फ्रेम कमी निघतात. फाइलमध्ये प्रत्येक फ्रेमची खरी वेळ नोंदलेली असते, म्हणून फोनवर बघताना काहीच चुकत नाही. एडिटिंग सॉफ्टवेअर मात्र एकच एक वेग गृहीत धरायला बघतं. एकूण फ्रेम भागिले एकूण वेळ अशी सरासरी काढून सगळ्या फ्रेम सारख्या अंतरावर मांडल्या की पहिलं आणि शेवटचं टोक आपोआप जुळतं आणि चूक सगळी पोटात जाते.

मग मी फुटेज परत बघितलं. साधारण पंचविसाव्या मिनिटाला खिडकीतला उजेड जातो. बाहेर ढग भरून आले होते, आजोबा बोलता बोलता एकदा खिडकीकडे बघतातही. त्यानंतरच्या पंचवीस मिनिटांत जेमतेम वीस-बावीस फ्रेम कमी निघाल्या. नऊ फ्रेमच्या फुगवट्याला तेवढ्या पुरतात.

इलाज म्हणजे ती फाइल एकसारख्या फ्रेमरेटची करून घेणं. हँडब्रेक या व्हिडिओ कन्व्हर्ट करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या टॅबवर फ्रेमरेट ३० निवडा आणि त्याखाली ‘पीक’च्या जागी ‘कॉन्स्टंट’ करा. ‘सेम ॲज सोर्स’वर सोडू नका. क्वालिटीचा आकडा मी १६ ठेवते. तो जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. डिस्कवर जागा असेल तर शटर एन्कोडर या तशाच सॉफ्टवेअरने प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर फॉरमॅटची फाइल काढा, एडिटला हलकं जातं. फिल्म २५ ची असली तरी फोनची फाइल मी ३० चीच ठेवते, कारण एकदा गाळलेल्या फ्रेम परत मिळत नाहीत. नवी फाइल तयार झाली की तिची लांबी जुन्या फाइलमधल्या आवाजाच्या लांबीशी ताडा आणि मध्यावर परत एक ‘पगार’ शोधून मोजा. माझ्याकडे नऊचा शून्य झाला.

हे सगळं कट सुरू करायच्या आधी करायचं असतं. मला ते कट झाल्यावर करावं लागलं आणि तिथे एक अडचण आली. नुसती नवी फाइल जुनीच्या जागी रिलिंक केली तर चालत नाही, कारण नव्या फाइलमध्ये तीच फ्रेम वेगळ्या क्रमांकावर असते. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस कट चुकीच्या जागी गेले असते. मी आवाजाला हात लावला नाही. संगीत, सबटायटल, श्वासांच्या जागा, सगळं आवाजावर बसलेलं असतं, तो हलला की फिल्म हलते. रेकॉर्डरच्या पूर्ण आवाजाशी नवी फोन क्लिप एकदा सिंक केली, मग टाइमलाइनवरच्या प्रत्येक तुकड्यात रेकॉर्डरची कुठली वेळ वाजतेय ते बघून तिथे नव्या क्लिपमधलं चित्र ठेवलं. पाच तास लागले. कुणी वेगळी पद्धत सांगितली तरी हे तत्त्व मी सोडणार नाही: आवाज जागेवर, चित्र सरकेल.

ऑनलाइन मीटिंगचं रेकॉर्डिंग, स्क्रीन रेकॉर्डिंग आणि मेसेजिंग ॲपवरून आलेले व्हिडिओ, हे सगळे याच जातीचे. घरात आल्या आल्या त्यांना कॉन्स्टंट करा, मगच प्रोजेक्टमध्ये घ्या. प्रॉक्सी, म्हणजे एडिटसाठी हलक्या प्रती, काढणार असाल तर त्याही या नव्या फाइलवरून काढा.

पैशांबद्दल

फ्रीलान्स कोटेशनमध्ये ‘सिंक आणि तपासणी’ अशी वेगळी ओळ लिहा. मी दर शूटच्या दिवसाला अर्धा दिवस धरते आणि कारण तोंडी समजावून सांगते. आजवर एकाही निर्मात्याने ती ओळ काढायला लावलेली नाही. शूटच्या आधी प्रत्येक यंत्रावरून दोन मिनिटांचा नमुना मागवा. कॅमेरा, फोन, रेकॉर्डर, तिन्हींचा. मीडियाइन्फोमध्ये तीन फाइली उघडायला पाच मिनिटं लागतात आणि फ्रेमरेट, हर्ट्झ, मोड, सगळं तिथेच कळतं.

आणि खालचा निरोप मी आता प्रत्येक शूटच्या आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकते. जसाच्या तसा घेतलात तरी चालेल.

“उद्यासाठी. सगळे कॅमेरे २५ एफपीएस, शटर १/५०. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, घरातल्या दिव्यांचं फडफडणंही त्याने आटोक्यात राहील. आयफोन असेल तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे ‘शो पाल फॉरमॅट्स’ चालू करा म्हणजे २५ चा पर्याय दिसेल, आणि ‘ऑटो एफपीएस’ बंद करा. दुसरा फोन असेल तर फ्रेमरेट आणि शटर लॉक करता येईल असं कॅमेरा ॲप घ्या. रेकॉर्डर ४८,००० हर्ट्झ. कॅमेऱ्याचा आणि फोनचा स्वतःचा माइक बंद करू नका, खराब आवाज आला तरी मला सिंकला तोच लागतो. सुरुवातीला क्लॅप. दर वीस मिनिटांनी आणि संपताना अजून एक. समोर वयस्कर माणूस असेल आणि क्लॅपने दचकत असेल, तर पाण्याचा स्टीलचा ग्लास सगळ्या कॅमेऱ्यांत दिसेल असा टेबलावर टक्कन ठेवा. लालबागच्या आजोबांनी मुलाखतीच्या शेवटी पाणी पिऊन ठेवला तसा.”